शिंगल्सच्या छपराचे आढे : सिमेंट ओढावे काय?

प्रेषक: सभासद, राजेंद्रनगर, इंदूर

मंडळातील ज्येष्ठ अभियंत्यांस सविनय नमस्कार,

खंडवा रस्त्यावरील आमच्या नव्या घराच्या उतरत्या छपरावर लोखंडी सांगाडा, त्यावर प्लाय आणि त्यावर डांबरी शिंगल्स (वर बारीक खडी असलेले डांबराचे पातळ, चपटे तुकडे) बसवून झाले आहेत. दोन्ही पाख्या, म्हणजे उतरत्या बाजू, पूर्ण झाल्या असून केवळ आढे, म्हणजे त्या वर जेथे मिळतात ती रेषा, उघडे आहे. कवेलूची (मातीच्या कौलांची) घरे शाकारण्यात हयात गेलेल्या आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की आढ्यावर सिमेंटचा पट्टा ओढला म्हणजे काम झाले. मृग तोंडावर आला आहे, तरी काकांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रेषक: निवृत्त स्थापत्य अभियंता, सुदामानगर, इंदूर

स. न. वि. वि.

मिस्त्रींचा अनुभव कवेलूपुरता खरा आहे. येथे मात्र सिमेंट मुळीच ओढू देऊ नका. लोखंड आणि प्लाय उन्हापावसाने हलत राहतात, वरचा कडक पट्टा तडकतो आणि त्या भेगेतून पाणी थेट प्लायच्या सांध्यात उतरते.

आढेही शिंगल्सनेच झाकायचे असते. तुमचे शिंगल तीन पाकळ्यांचे साधे असेल, तर खाचांच्या रेषेत कापून प्रत्येकाचे सुमारे 12 इंच रुंदीचे तीन तुकडे करावेत आणि झाकला जाणारा वरचा भाग दोन्ही बाजूंनी किंचित निमुळता कापावा, म्हणजे तो खालून डोकावत नाही. दुहेरी थराचे जाड शिंगल असेल, तर ते कापत बसू नका. आढ्यासाठी वेगळे तुकडे मिळतात. आढ्यापासून 6 इंच खाली एका पाखीवर निळीची दोरी मारून, म्हणजे निळीने माखलेली दोरी ताणून सोडून, सरळ रेषा उमटवून घ्यावी, नाहीतर ओळ वाकडी जाते आणि रस्त्यावरून तेच आधी दिसते.

आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असल्यामुळे, आढे पूर्व-पश्चिम असेल तर पूर्वेच्या टोकापासून आरंभ करावा, म्हणजे तुकड्यांच्या उघड्या कडा वाऱ्याकडे पाठ करून राहतात. प्रत्येक तुकडा 5 इंच उघडा ठेवावा. उघड्या कडेपासून साडेपाच इंचांवर आणि बाजूच्या कडेपासून एक इंच आत, दोन्ही पाख्यांवर एकेक गॅल्व्हनाइज्ड खिळा मारावा. पुढचा तुकडा त्याचे डोके झाकतो. येथे थर अधिक असल्याने खिळा पाखीवरच्यापेक्षा लांब घ्यावा. 30 फूट आढ्याला 72 तुकडे, म्हणजे 24 शिंगल्स लागतात. वर दोनतीन अधिक ठेवा.

अमेरिकेतील नातेवाईक आढ्यात हवेची फट ठेवण्यास सांगतील. वळचणीतून, म्हणजे छपराच्या भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडेतून, हवा आत येत असेल, तरच तिचा उपयोग आहे.

प्रेषक: सभासद, राजेंद्रनगर

काका, आपले आभार. आमची वळचण पूर्ण बंद आहे, त्यामुळे फट ठेवत नाही. परंतु शेवटच्या तुकड्यावर झाकायला पुढचा तुकडा नसतो. त्याचे खिळे उघडेच राहणार काय?

प्रेषक: निवृत्त स्थापत्य अभियंता, सुदामानगर

होय, आणि पाणी शिरायची जागा हीच. त्या तुकड्याखाली डांबरी लुकण (चिकट लेप) लावून तो दाबून बसवावा, वरून खिळे मारावेत आणि प्रत्येक डोक्यावर तेच लुकण थापावे. काम सकाळी लवकर उरकून घ्या. दुपारच्या उन्हात शिंगल मऊ पडते आणि मजुरांच्या पायाखाली त्यावरची खडी निघते.