सहकाऱ्यांच्या स्केचबुकाची दोन पाने चिकटली आहेत, वही सोमवारी परत करायची आहे : मदत हवी आहे

उशिराचा_कुंचला (धागाकर्ता), शुक्रवार, रात्री ९:४०
आमच्या कार्यालयातील पाच जणांनी आपापली स्केचबुके एकमेकांना देऊन त्यांत चित्रे काढण्याचा उपक्रम सुरू केला आहे. दर दोन आठवड्यांनी वही पुढच्या व्यक्तीकडे जाते आणि चार फेऱ्या झाल्या की मूळ मालकाकडे परत येते. सध्या माझ्याकडे एका ज्येष्ठ सहकारी बाईंची वही आहे आणि ही शेवटचीच फेरी आहे. मी एका पानावर चित्र काढले, ते व्यवस्थित वाळले, आणि आज सकाळी वही उघडली तर ते पान समोरच्या पानाला चिकटलेले आढळले. हलकेच ओढून पाहिले तेव्हा फाटल्यासारखा आवाज आला, म्हणून थांबलो. पाने न फाटता सुटी कशी करावीत, एवढेच कृपया सांगावे. असे उपक्रम करावेत की करू नयेत यावर चर्चा नको.

टिपकागद, रात्री १०:०५
आपण ‘चित्र काढले’ असे लिहिले आहे, परंतु कशाने काढले ते लिहिलेले नाही, आणि सगळे उत्तर त्यावरच अवलंबून आहे. जलरंगातील डिंक पाण्याने पुन्हा विरघळतो, ॲक्रिलिक एकदा वाळले की विरघळत नाही, आणि तैलखडू तर कधीच पूर्णपणे वाळत नाही. माध्यम कोणते, थर किती जाड, समोरच्या पानावर काय आहे आणि चिकटलेला भाग साधारण केवढा आहे, हे कळवावे.

उशिराचा_कुंचला, रात्री १०:१२
ॲक्रिलिक आहे. कागद बऱ्यापैकी जाड आहे. रंग वाळला होता, बोटाला लागत नव्हता. आता उपाय सांगावा.

उष्ण_वारा, रात्री १०:३०
केस वाळवण्याचा ड्रायर घ्यावा, पानाच्या मागच्या बाजूने मध्यम उष्णता द्यावी आणि रंग मऊ झाला की पान सावकाश उचलावे. माझ्या स्वतःच्या वहीत मी हे तीन वेळा केले आहे आणि तिन्ही वेळा पाने सुटली आहेत.

निळी_शाई, रात्री १०:४८
कृपया असे करू नये. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी एक प्रकारचे प्लॅस्टिक आहे. खोलीच्या नेहमीच्या तापमानालाही ते किंचित मऊच असते आणि उष्णता मिळाली की अधिक चिकट होते. उष्ण_वारा यांची पाने सुटली असतील, पण सुटताना त्यांनी समोरच्या पानावरून काय काय उचलून नेले, ते त्यांनी सांगितलेले नाही. येथे उपाय नेमका उलट आहे, म्हणजे थंडावा.

उष्ण_वारा, रात्री ११:०२
माझ्या वहीत समोरचे पान कोरे होते, त्यामुळे काहीच उचलले गेले नाही. आणि थंडीने ॲक्रिलिक ठिसूळ होते, वाकवले की तडकते, हे निळी_शाई यांनी का सांगितले नाही?

निळी_शाई, रात्री ११:०९
ठिसूळ होते म्हणूनच तर सुटते.

शिवण_बांधणी, रात्री ११:२०
मूळ चूक वही निवडण्यात झाली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेकांच्या हातून फिरणाऱ्या वहीत कोण कोणते माध्यम वापरील हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे अशा वहीचा कागद किमान ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) असावा. नेहमीच्या स्केचबुकातील ९० ते १०० जीएसएमचा कागद पेन्सिलीसाठी ठीक असतो, पण ओला रंग लागताच तो लाटांसारखा वाकतो आणि स्पिरिटवर आधारित मार्कर त्यातून थेट पलीकडे उतरतो. बांधणी शिवलेली असावी, कारण नुसत्या सरसाने चिकटवलेल्या वहीत चिटकवाचिटकवी झाली की पुठ्ठ्याचा कणा फुगतो आणि पाने सुटू लागतात.

उशिराचा_कुंचला, रात्री ११:२६
वही माझी नाही आणि ती मी निवडलेली नाही. पाने कशी सोडवायची?

टिपकागद, शनिवार, सकाळी ७:१५
माझ्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत, आणि एक पाचवाही आहे. वाळलेले ॲक्रिलिक एका रात्रीत, कोणताही दाब नसताना इतके घट्ट चिकटणे थोडे अवघड वाटते. वही कशाखाली ठेवली होती का?

उशिराचा_कुंचला, सकाळी ८:०३
होय. रंगामुळे पान वाकले होते, म्हणून ते सपाट करण्यासाठी वही बंद करून तिच्यावर जाडजूड पुस्तके ठेवली होती. हे सगळेच करतात, म्हणून वेगळे लिहिले नाही. थर काही ठिकाणी जाड आहे, कारण पोत आणण्यासाठी पॅलेट नाइफने, म्हणजे रंगकामाच्या बोथट सुरीने, रंग लावला होता. त्यावर चकाकीसाठी ग्लॉस माध्यमाचा एक हातही दिला होता. समोरच्या पानावर एका वृद्ध गृहस्थांचे व्यक्तिचित्र आहे, बारीक रेषांचे, बहुधा पेनाने काढलेले. चिकटलेला भाग माझ्या तळव्याएवढा आहे.

टिपकागद, सकाळी ८:२०
आता कारण स्पष्ट झाले. ॲक्रिलिकचा वरचा थर अर्ध्या तासात कोरडा लागतो, पण सुरीने लावलेला जाड थर आतपर्यंत पक्का होण्यास काही आठवडेही लागू शकतात. ग्लॉस माध्यम हे मॅटपेक्षा जास्त चिकटते, कारण मॅट माध्यमात चकाकी कमी करण्यासाठी घातलेली बारीक पूड पृष्ठभाग थोडा खरखरीत ठेवते. त्यावर रात्रभर वजन, म्हणजे आपण रंगाचा सरस म्हणूनच उपयोग केलात. वाकलेले पान सपाट करायचेच होते तर मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला कागद घालायला हवा होता. पेन कोणते आहे, याचा अंदाज आहे का?

झटपट_रंग, सकाळी ८:४१
एवढा विचार कशाला? आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा बोळा भिजवून कडेने फिरवावा. ॲक्रिलिक त्याने मऊ पडते आणि पाने अलगद सुटतात. कुंचल्यावर वाळलेला रंगही मी असाच काढतो.

निळी_शाई, सकाळी ८:५५
कुंचला आणि दुसऱ्याने काढलेले व्यक्तिचित्र यांत काही फरक आहे की नाही? बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, हे शर्टावरील डाग काढणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. त्या वृद्ध गृहस्थांचा चेहरा पाच मिनिटांत निळा-जांभळा होईल.

समास, सकाळी ९:३०
मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, तरीही या उपक्रमाविषयी एक सुचवावेसे वाटते. एकाच चित्रावर अनेकांनी काम करणे जुनेच आहे. अकबराच्या चित्रशाळेत एक जण आराखडा आखी, दुसरा रंग भरी आणि काही चित्रांत चेहरे तिसराच करी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील अकबरनाम्याच्या चित्रांखालील समासात आराखडा कोणाचा आणि रंगकाम कोणाचे हे नावानिशी लिहिलेले आहे, म्हणूनच बसावन या चित्रकाराचे काम आज वेगळे ओळखता येते. आपल्या वहीत प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि माध्यम लिहिण्याची पद्धत आहे का? नसल्यास ती सुरू करावी. ‘बहुधा पेनाने’ असे लिहिण्याची वेळ येणार नाही.

उशिराचा_कुंचला, सकाळी ९:३८
अशी पद्धत नाही. वहीत काय आणि कसे काढावे याचे कोणतेही नियम आम्ही केलेले नाहीत, कारण नियम केले की कार्यालयाचेच काम वाटू लागते.

खोडलेली_रेघ, सकाळी १०:१०
नियम नसले तरी परवानगी ही गोष्ट उरतेच. रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने १९५३ मध्ये विलेम डी कूनिंग या दुसऱ्या नामवंत चित्रकाराचे एक चित्र खोडून काढले आणि तो खोडलेला कागद स्वतःची कलाकृती म्हणून मांडला. पण त्यासाठी तो आधी डी कूनिंगकडे जाऊन चित्र मागून आला होता, आणि डी कूनिंगनेही खोडायला अवघड जाईल असेच चित्र मुद्दाम निवडून दिले होते. आपल्याकडून जे झाले ते अपघाताने झाले, हे मान्य. परंतु पाने सोडवताना समोरच्या चित्राचे जे व्हायचे ते होईल, आणि त्यासाठी विचारायला हवे. मी आपल्या जागी असतो तर सुरी हातात घेण्याआधी त्या बाईंना दूरध्वनी केला असता.

उशिराचा_कुंचला, सकाळी १०:१४
पाने सुटली तर सांगण्यासारखे काही उरणारच नाही. आधी सुटू तर द्या.

खोडलेली_रेघ, सकाळी १०:१९
आणि न सुटली तर?

टिपकागद, सकाळी ११:००
खोडलेली_रेघ यांच्याशी मी सहमत आहे, पण विचारून झाल्यावरही पाने सोडवावी लागतीलच, म्हणून कृती देतो. वही दोन पिशव्यांत, आतली हवा दाबून काढून, घट्ट बंद करावी आणि साध्या फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवावी. फ्रीझरमध्ये ठेवू नये. तेथे रंग इतका ठिसूळ होतो की पान जरा वाकले तरी तडा जातो. बाहेर काढल्यावर लगेच काम सुरू करावे, कारण थंड कागदावर दव धरते आणि शाई पाण्यात विरघळणारी असली तर ती पसरते. त्यासाठी टिपकागद हाताशी असावा. पाने मुळीच ओढू नयेत. जेथे चिकटलेली नाहीत अशा कोपऱ्यातून पातळ, बोथट पॅलेट नाइफ आडवी सरकवत न्यावी आणि मागोमाग सिलिकॉनच्या कागदाची पट्टी आत घालत जावी, म्हणजे सुटलेला भाग पुन्हा चिकटणार नाही. सुरीचा कल नेहमी आपल्या रंगाच्या बाजूला ठेवावा. काही खरवडले जायचेच असेल तर ते आपले चित्र असू द्यावे. रंग पुन्हा मऊ लागू लागला की थांबून वही परत थंड करावी.

उष्ण_वारा, सकाळी ११:१२
एवढ्या वेळात ड्रायरने काम झाले असते.

उशिराचा_कुंचला, रविवार, सायंकाळी ६:३०
काल दुपारी त्या बाईंना दूरध्वनी केला. मी सगळे सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या की वही त्यांची असली तरी ते व्यक्तिचित्र त्यांचे नाही. दुसऱ्या फेरीत ज्या सहकाऱ्याकडे वही होती त्याने ते काढले आहे, आणि ते त्याच्या वडिलांचे आहे. हा सहकारी माझ्यापासून दोन मेजे सोडून बसतो. पानावर नाव नसल्यामुळे मी ते बाईंचेच समजत होतो. त्याला दूरध्वनी केला, पण त्याने उचलला नाही. बाईंनी पाने सोडवण्यास हरकत घेतली नाही, म्हणून टिपकागद यांच्या कृतीप्रमाणे तीन बैठकांत ती सोडवली. माझ्या चित्राचा जाड भाग दोन ठिकाणी निघाला, त्याचे काही वाटत नाही. व्यक्तिचित्राचा चेहरा पूर्ण वाचला आहे, परंतु खांद्याजवळ नखाएवढ्या जागेत कागदाचा वरचा थर निघून माझ्या रंगावर पांढरट तंतूंच्या रूपात राहिला आहे. रेषा बारीक टोकाच्या काळ्या पेनाच्या आहेत आणि दवाने पसरलेल्या नाहीत. आता दोन प्रश्न आहेत. ते तंतू सोडवून परत जागेवर लावता येतील का? आणि तशाच पेनाने मी खांद्याची रेषा जोडून टाकली तर चालेल का?

टिपकागद, सायंकाळी ६:५०
तंतूंना हात लावू नये. ते उलटे चिकटलेले आहेत, म्हणजे रेषेचा तुकडा आपल्या रंगाकडे तोंड करून आत गाडला गेला आहे. खरवडल्यास त्याचा चुरा होईल. दोन पानांमध्ये सिलिकॉनचा कागद कायमचा घालून ठेवावा. मेणकागद किंवा ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) वापरू नये, ओलसर हवेत ॲक्रिलिक त्यांनाही धरते. रेषा मात्र जोडू नये. जोडायची की तशीच ठेवायची, हे ज्याने काढली त्याला ठरवू द्यावे.

शिवण_बांधणी, सायंकाळी ७:०५
कागद ३०० जीएसएमचा असता तर वरचा थर इतक्या सहज निघाला नसता.

उशिराचा_कुंचला, सायंकाळी ७:११
सिलिकॉनचा कागद घातला आहे आणि रेषेला हात लावलेला नाही. त्या सहकाऱ्याचा आत्ताच दूरध्वनी आला होता. उद्या साडेनऊला, वही बाईंकडे जाण्यापूर्वी, तो ती पाहणार आहे. माझ्या पानाच्या कोपऱ्यात मी नाव, तारीख आणि ‘ॲक्रिलिक, वर ग्लॉस’ असे लिहिले आहे.

उष्ण_वारा, सायंकाळी ७:२०
पुढच्या वेळी एकदा ड्रायर वापरून पाहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.