व्हायवाला गप्प बसणारी पहिल्या वर्षाची मुलं: प्रॅक्टिकलमध्ये काय बदलावं?

एफई_बॅच_शिक्षिका: इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला (एफई) बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला २० जणांची बॅच, पाच-पाचचे गट. जोडणी एकच जण करतो, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. मराठी माध्यमातून आलेले बहुतेक या बाकीच्यांत. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) साधं विचारलं तरी मान खाली. व्याख्यानं ठेवून झाली, फरक नाही. पहिल्या महिन्यात नेमकं काय करता येईल?

लॅब_असिस्टंट: मॅडम, आधी गट मोडा. पहिली दोन प्रॅक्टिकल्स ज्याची त्याने करायची. छोटा ब्रेडबोर्ड (भोकांत पाय खोचून जोडणी करायचा बोर्ड), ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रेझिस्टर, दोन-तीन जंपर वायरी, बास. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरले ७. भागिले ४७०, म्हणजे १५ मिलिअँपिअरच्या आसपास. हे गणित आधी कागदावर करून घ्या.

करंट थेट मोजायला लावू नका. करंट मोडमधला मल्टिमीटर कुणीतरी बॅटरीलाच लावतो, फ्यूज उडतो, आणि ते पोर महिनाभर मीटरला हात लावत नाही. रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजून ४७० ने भागायला सांगा. कागदावरचा आकडा जुळला की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात.

एलईडी पेटला नाही तर बहुधा पाय उलटे असतात (लांब पाय प्लसकडे), नाहीतर दोन्ही पाय एकाच पाच भोकांच्या ओळीत असतात. ती भोकं आतून जोडलेली, त्यामुळे एलईडी शॉर्ट होतो, म्हणजे करंट त्याला वगळून जातो. तुम्ही दुरुस्त करून देऊ नका. "मीटर कुठे लावून बघशील?" एवढंच विचारा.

व्हायवा_परीक्षक: पहिले चार आठवडे व्हायवाला मार्क नकोत. उत्तर मराठीत चालेल. रेझिस्टन्स, पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) हे शब्द तसेच राहू द्या. मग तेच दोन इंग्रजी वाक्यांत सांगायला लावा. हा टप्पा गाळू नका, पुढे लेखी पेपर इंग्रजीतच आहे.

"व्याख्या सांग" ने सुरुवात नको. जर्नलमधल्या आकृतीवर बोट ठेवून करंटची वाट दाखवू दे. मग विचारा, ४७० च्या जागी १ किलोओहम लावला तर? आणि विचारल्यावर पाच सेकंद थांबा. आपण लगेच शेजारच्याकडे वळतो, आणि मनात भाषांतर करत असलेली मुलगी तिथेच गप्प होते.

एफई_बॅच_शिक्षिका: ब्रेडबोर्ड बाराच आहेत.

लॅब_असिस्टंट: मग दोघांत एक. एकाची जोडणी झाली की सगळी काढायची, दुसऱ्याने पहिल्यापासून करायची. बघणाऱ्याने तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. आणि आजवर जो नुसता लिहून घेत होता, त्याची जोडणी आधी.