‘प्रचार’, ‘अपप्रचार’ आणि सौम्य लाठीमार

प्रश्न : ‘प्रोपगंडा’ला मराठीत ‘अपप्रचार’ म्हणावे, की ‘प्रचार’ पुरेसा आहे? निवडणुकीच्या दिवसांत कोल्हापूरच्या बिंदू चौकातून जाताना हा प्रश्न हटकून पडतो.

उत्तर १ : मूळ शब्दात निंदा नव्हती. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी नेमलेल्या मंडळाच्या लॅटिन नावातून तो रूढ झाला आणि पहिल्या महायुद्धानंतर पुरता बदनाम झाला. आपल्या ‘प्रचारा’ला असा डाग नाही, साक्षरतेचाही प्रचार होतो आणि उमेदवाराचाही. ‘अपप्रचार’ मात्र नेहमी विरोधकच करतात! शिवाय त्यात खोटेपणा गृहीत असतो, आणि माझी हरकत इथेच आहे, कारण दिशाभूल करणाऱ्या मजकुरात एकही विधान खोटे नसू शकते.

‘जमाव पांगवण्यासाठी सौम्य लाठीमार करण्यात आला’ हे बातम्यांतले नेहमीचे वाक्य घ्या. लाठ्या चालल्या हे खरेच, पण त्या सौम्य होत्या हे मार खाणाऱ्याला विचारून ठरलेले नसते. आणि ‘करण्यात आला’ या रचनेमुळे मारणारा वाक्यातून अलगद निसटतो. ‘अतिक्रमणे हटवण्यात आली’ यातही हटवणारा दिसत नाही, आणि ‘अतिक्रमण’ म्हटल्यावर तिथे कोणाची भेळेची गाडी होती हेही विचारले जात नाही. नाझी राजवटीच्या कागदपत्रांत माणसे ठार मारण्याला ‘विशेष वागणूक’ म्हणत. क्रौर्याची तुलना होऊच शकत नाही, पण भाषेची युक्ती त्याच जातीची आहे.

१९३७ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने अशा सात युक्त्या नोंदवल्या. त्यांपैकी एक म्हणजे आदरणीय व्यक्तीची पुण्याई आपल्या नावावर वळवणे. कोल्हापुरात तिचा नमुना शोधावा लागत नाही. राजर्षी शाहूंनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्यांच्या छायाचित्राखाली ‘शाहूंच्या विचारांचा वारसदार’ असे छापणारा फलक त्या धोरणाविषयी चकार शब्द काढत नाही.

म्हणून प्रोपगंडासाठी मी ‘प्रचारतंत्र’ सुचवतो आणि विशेषण म्हणून ‘प्रचारकी’.

उत्तर २ : ‘प्रचारतंत्र’ मान्य, पण ‘प्रचारकी’ नको. समीक्षेत तो शब्द बोधासाठी लिहिलेल्या फसलेल्या कथेला लावतात, आणि तशी कथा वाचकाला लगेच ओळखू येते. आपण ज्या भाषेबद्दल बोलत आहोत ती तशी ओळखू येत नाही.