एक्स-रे साफ आहे, पण पाच आठवडे झाले तरी घोटा चालत्या गाडीत उभं राहू देईना

डबल_बेल (जालना)

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर आहे, वय ४६. बावीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहतोय. भोकरदनच्या रस्त्याला गाडी कितीही आदळू दे, कंबर सीटला टेकवायची, पाय जरा फाकवायचे आणि तिकीट फाडत पुढं सरकायचं. (फाडायचं आता राहिलं नाही, मशीनमधून निघतं. पण तोंडात तेच बसलंय.) एवढ्या वर्षांत गाडीत कधी पडलो नाही. पडलो ते वेताळवाडीच्या किल्ल्यावर. तेही कड्यावर वगैरे नाही, म्हातारी बाई शेण गोळा करत फिरेल असल्या जागी.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. पुतण्या आणि त्याच्याबरोबर पोलीस भरतीची तयारी करणारी चार पोरं निघाली होती. "काका, चला की, दिवसभरात परत येऊ." क्रूझरनं सिल्लोड, गोळेगाव, उंडणगाव, हळदा असं करत घाटातल्या खिंडीत उतरलो. किल्ला समोरच आहे, पाऊण तास वगैरे चढायचं कामच नाही. पोरं पळत दरवाज्यात पोचली, मी दम खात खात. बारादरीपाशी बसून खालचं धरण बघत भाकरी-ठेचा खाल्ला. लई बरं वाटलं, खरं सांगतो.

उतरताना गवत. गुडघ्याला लागेल असं, वाळून पिवळं पडलेलं, आणि त्याच्याखाली सुटा मुरूम. माझ्या पायात तळ झिजलेले बूट, "जुने झालेत, डोंगराला चालतील" म्हणून काढलेले. डावा पाय आत वळला, कट्ट आवाज आला आणि मी खाली बसलोच. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढी चुकीची कामं करता येतील तेवढी केली. एकानं "काका, सांधा उतरला असेल" म्हणत पाय धरून ओढला. मी असा ओरडलो की खाली चरणारी जनावरं वर बघू लागली. मग मी बूट काढला. दहा मिनिटांत घोट्यावर लिंबाएवढी सूज, बूट परत चढेना. मोबाईलला रेंज नाही.

तिथल्या एका गुराख्यानं वाचवलं. त्यानं काही न विचारता खांद्यावरचं उपरणं काढलं, तळपायाखालून घेऊन घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखं आवळलं, हातातली काठी दिली आणि म्हणला, "बसत बसत उतरा, पाव्हणं. उभं राहायचं सोंग करू नका." पंधरा मिनिटांची वाट उतरायला सव्वा तास लागला, अर्धी तर ढुंगणावर. पायात पुतण्याची चप्पल.

संध्याकाळी तालुक्याच्या गावी एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, हाड साबूत आहे, लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) ताणलंय. क्रेप बँडेज, गोळ्या, दहा दिवस आराम. घरी आईनं आंबेहळद आणि रक्त्याबोळाचा लेप घातला, पाय पिवळा-काळा-निळा होऊन सगळे रंग दाखवून गेला.

आता पाच आठवडे झाले. सपाट रस्त्यावर चालतो, जिना चढतो. पण परवा प्रवासी म्हणून गाडीत बसलो आणि उगीच उठून उभा राहून बघितलं. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की घोटा आतल्या आत सुटल्यासारखा होतो. दुखत तेवढं नाही, भरवसाच राहिला नाही. रजा संपत आलीय. हाडाची चीर एक्स-रेत दिसली नसेल का? की मी चालत उतरलो म्हणून वाढलं? की हे असंच राहणार?

फिजिओ_ताई (लातूर)

दादा, एवढं सविस्तर पेशंट माझ्यासमोर बसूनसुद्धा सांगत नाहीत.

आधी हाडाचं. पाय मुरगळल्यावर एक्स-रे लागतो का, हे ठरवायला कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये नियम दिले, ते आजही वापरतात. घोट्याच्या आसपास दुखतंय आणि वर यातलं एक जरी असेल तर एक्स-रे काढायचा: आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटीमीटरमध्ये दाबलं की दुखतं, किंवा पडल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता येत नाहीत. पायाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडून मागं येताना मध्यावर जो उंचवटा लागतो, तिथंही दाबून बघायचं. पाय आत वळला की तिथला हाडाचा टवका निघू शकतो आणि घोट्याच्या गडबडीत तो राहून जातो. तुमचा एक्स-रे झालाय, तुम्ही जिना चढताय, म्हणजे मोठं काही मोडलेलं नसणार. बारीक चीर पहिल्या दिवशी न दिसणं होतं, पण एक्स-रेत लिगामेंट मुळातच दिसत नाही. म्हणून "एक्स-रे साफ" म्हणजे "घोटा साफ" नव्हे.

बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट असतात, त्यातलं पुढचं सगळ्यात आधी जातं. ते भरायला सहा ते बारा आठवडे लागतात. पण "सुटल्यासारखं" वाटतं त्याचं कारण वेगळं. पाय किती तिरका झालाय हे मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकं त्या लिगामेंटमध्ये असतात. ती दुखावली की निरोप उशिरा पोचतो. तुमची बावीस वर्षांची सवय याच निरोपांवर चालत होती. हे आपोआप परत येत नाही, शिकवावं लागतं.

भिंतीजवळ डाव्या पायावर तीस सेकंद उभे राहा. जमलं की डोळे मिटून. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पलंगाच्या पायाला बांधून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढा. दोन्ही टाचा उचलून हळू खाली आणा. बसल्या जागी अंगठ्यानं हवेत क ते ज्ञ गिरवा. आठ आठवड्यांनंतरही घोटा सुटत असेल, खोलवर ठणकत असेल किंवा अडकत असेल, तर ऑर्थोपेडिकला दाखवून एमआरआय करायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. कामावर सुरुवातीला अँकल ब्रेस लावा. आणि पोटरी अचानक सुजली, गरम लागली किंवा दम लागला, तर व्यायाम वगैरे बाजूला ठेवून लगेच दवाखाना.

चालत उतरल्यानं वाढलं का? थोडं असेल. पण उपरणं, काठी आणि बसत उतरणं, तिथं त्याच्याहून चांगलं मलाही सुचलं नसतं.

गौताळा_रविवार (छ. संभाजीनगर)

डोंगरात बूट काढायचा नाही, हो. नाडी सैल करायची, बोटं गार पडतात का, मुंग्या येतात का बघायचं, बस. बूटच आवळपट्टीचं काम करतो. अंतूरच्या किल्ल्यावर आमच्यातल्या एकाचं हेच झालं, त्याला बूट घालूनच खाली आणला आणि नागापूरच्या लोकांनी पुढं बाजेवर उचलला.

वाळल्या गवतावर टाच रोवून उतरायचं नाही, गुडघे वाकवून लहान लहान पावलं. टाच रोवली की खालचा मुरूम बॉलबेअरिंगसारखा सरकतो. पावसाळ्यात सगळे जपून चालतात, डिसेंबरमध्ये गाफील राहतात. पाय टेकवताच येत नसेल तर उतरण्याचा हट्ट सोडायचा. एकानं पेशंटजवळ बसायचं, दोघांनी रेंज येईल तिथं जाऊन १०८ लावायचा. महाराष्ट्रात २०१४ पासून ही गाडी फुकट येते, फक्त डांबरी रस्त्यावर नेमकं कुठं ते सांगता आलं पाहिजे. "किल्ल्यावर" म्हणून चालत नाही. "हळद्याहून सोयगावकडं उतरताना घाटातली खिंड" असं सांगा.

बीडचा_भाऊ

एवढा खटाटोप कशाला करायलाव? आमच्याकडं एक चोळणारा आहे, दोन झटक्यात लचक काढतो. पैसे पण घेत नाही, नारळ फक्त.

फिजिओ_ताई (लातूर)

भाऊ, तो नारळच तेवढा घ्या. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळलं किंवा शेकलं की सूज वाढते. आत चीर असली तर झटक्यानं हाड सरकतं आणि मग प्लास्टरच्या जागी प्लेट बसते. पाच आठवड्यांनी हलक्या हातानं तेल लावायला ना नाही, आईंचा लेपही चालू द्या. पण झटका नाही.

डबल_बेल (जालना)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितोय, आज अठरा दिवस झाले. ऑर्थोला दाखवून आलो. त्यांनी घोटा पुढं ओढून बघितला, थोडा सैल आहे म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, हेच व्यायाम आणखी सहा आठवडे. दात घासताना डाव्या पायावर उभा राहतो. डोळे मिटून पहिल्या दिवशी चार सेकंद टिकलो, काल एकवीस. क ते ज्ञ गिरवताना "ऋ"ला घोटा हमखास कट् करतो, ताई, ते चालतं का?

फिटनेसचा दाखला मिळाला, सोमवारपासून कामावर आहे, ब्रेस लावून. पहिल्या दिवशी सिल्लोडपर्यंत सीटचा दांडा सोडला नाही. एक आजीबाई म्हणाल्या, "मास्तर, नवीन लागलात का?"

एक काम राहिलंय. गुराख्याचं उपरणं माझ्याकडंच आहे, धुऊन घडी करून ठेवलंय. नाव विचारायचं राहिलं. साठीच्या आसपास असतील, दोन खिल्लारी बैल आणि बऱ्याच शेळ्या. हळद्याकडचं कोणी आहे का इथं?

मका_कपाशी (उंडणगाव)

शेळ्यावाले बरेच आहेत, पण खिल्लारी जोडी घेऊन खिंडीत जाणारे दोघंच. स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवा, पोचतं. काठी पण परत पाठवा, ती बाभळीची असेल तर ते विचारणारच.