शब्दचर्चा: ग्राफीनचे 'थर' ठीक, पण 'स्टॅकिंग'ला काय म्हणायचं?

शाईदौत:
ग्राफीनवरचा, म्हणजे कार्बन अणूंच्या एका अणूइतक्या जाड षटकोनी जाळीवरचा, एक लेख मराठीत करतेय. 'फ्यू-लेयर'ला 'अल्पस्तरीय' लिहिलं, तर संपादकांनी लाल खूण करून परत पाठवलं. 'स्टॅकिंग'पाशी, म्हणजे हे थर एकावर एक रचण्यापाशी, तर गाडी पूर्णच अडलीय. 'रचना' म्हणावं तर तो शब्द षटकोनी जाळीसाठी लेखभर वापरून झालाय. चळत, चवड, थप्पी, उतरंड यांपैकी काही चालेल?

उंबरठा:
उतरंड आधी बाद करा. ती मडक्यांची, खाली मोठं नि वर लहान. थप्पी पोत्यांची, चळत नाण्यांची, चवड भाकऱ्यांची नाहीतर कागदांची. 'थर' मात्र दहीहंडीपासून धुळीपर्यंत कुठेही चालतो. एकच सुटा थर असेल तर 'पापुद्रा' पाहा. पापुद्रा सोलून निघतो, आणि २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी चिकटपट्टी लावून ग्राफाइटचं, म्हणजे ग्राफीनच्या असंख्य थरांच्या गठ्ठ्याचं, तेच केलं होतं. 'स्तर' नकोच, त्याने शिक्षणाचा दर्जा आठवतो.

घनकण:
चळत काय, चवड काय, हे शब्द एकावर एक ठेवलंय एवढंच सांगतात. ग्राफीनमध्ये सगळी गंमत कसं ठेवलंय यात आहे. माझं मत 'बैठक'. वरचा थर खालच्यावर कसा बसलाय, ती त्याची बैठक.

नेहमीच्या ग्राफाइटमध्ये दुसरा थर पहिल्यावर तंतोतंत बसत नाही. शेजारच्या दोन अणूंमधल्या एका बंधाच्या लांबीइतका, म्हणजे ०.१४२ नॅनोमीटर, सरकून बसतो. त्यामुळे त्याचे निम्मे अणू खालच्या अणूंवर येतात आणि निम्मे षटकोनाच्या पोकळ मध्यावर. आता तिसरा थर घ्या. तो पुन्हा पहिल्याच्या बरोबर वर आला तर 'अबअ' बैठक (अ ही पहिल्या थराची जागा, ब दुसऱ्याची). त्याच दिशेने आणखी एक पाऊल सरकला तर 'अबक'. दोन्हीकडे थर तीनच, दोन थरांतलं अंतरही साधारण तेच, ०.३३५ नॅनोमीटर. पण थरांना काटकोनात विद्युतक्षेत्र लावलं की 'अबक'मध्ये ऊर्जापट्ट्यांत फट पडते, म्हणजे इलेक्ट्रॉनांना मनाई असलेला ऊर्जेचा टप्पा तयार होतो. 'अबअ'मध्ये फट पडत नाही, तो अर्धधातूच, म्हणजे फटीविनाच, राहतो. 'अबक'मध्ये २०२१ साली अतिशीत तापमानाला अतिवाहकताही, म्हणजे वीज विनाविरोध वाहणंही, दिसली. म्हणून नुसतं 'त्रिस्तरी ग्राफीन' लिहिलंत तर निम्मी माहिती गळते.

उंबरठा:
'बैठक' म्हटलं की आधी सभा नाहीतर लावणीची बैठक डोळ्यांपुढे येते हो!

घनकण:
येऊ द्या की. सुतारही दाराची बैठक बघतोच. शिवाय 'थरांची बैठक' असं जोडून लिहिलं तर कुणाचा घोटाळा होणार नाही.

शाईदौत:
पटलं. पण मग निव्वळ थरांच्या संख्येवर काहीच ठरत नाही का?

घनकण:
ठरतं ना. दृश्य प्रकाश घ्या. एक थर सुमारे २.३ टक्के शोषतो, पाच थर ११ टक्क्यांच्या आसपास. तिथे बैठकीचं फारसं चालत नाही. एकेरी थर ओळखायला रामन वर्णपटही (लेसरचा प्रकाश पदार्थावरून विखुरल्यावर मिळणारा) कामाला येतो. २७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचं शिखर एकेरी थरात एकच आणि सुबक असतं, दुहेरीत ते चार घटकांचं होऊन रुंदावतं. तीन थरांत मात्र तेच शिखर बैठकही सांगतं, 'अबक'चं जास्त बेढब दिसतं.

उंबरठा:
मग 'फ्यू-लेयर'ला 'मोजक्या थरांचं ग्राफीन' म्हणा. 'मोजके' म्हणजे थोडे आणि मोजता येतील असेही. हद्द कुठे आहे?

घनकण:
आंतरराष्ट्रीय मानकाच्या व्याख्येत ३ ते १०. एक आणि दोन थरांना वेगळी नावं आहेत. दहाच्या पुढे इलेक्ट्रॉनांच्या दृष्टीने तो जवळपास ग्राफाइटच. 'मोजक्या' झकास बसतो, माझी हरकत नाही.

शाईदौत:
शेवटचं एक. 'ट्विस्टेड' ग्राफीनला 'पीळ दिलेलं' लिहिलंय.

घनकण:
पीळ दोरीला. इथे दोन्ही पत्रे सपाटच राहतात, एक दुसऱ्यावर जरासा फिरवलेला असतो. २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात साधारण १.१ अंशाच्या कोनात दुहेरी ग्राफीन अतिवाहक झालं, तेही १.७ केल्विनला. 'फिरवलेले थर' लिहा आणि कोन आकड्यात द्या, कारण तो थोडा हलला तरी तो परिणाम जातो.