'छपरी' म्हणजे बेफाम, की नुसता हलक्या वस्तीतला? (चार टोपणनावं, एक वाद.)

वळचण: सायलेन्सरचे फटाके फोडणारा, ट्रिपल सीट, राँग साइडने घुसणारा तो छपरी, हा अर्थ आता रुळलाय. छपरी म्हणजे मुळात घराला टेकवलेली उतरती पडवी. छपरी पलंगही त्याच घरातला. पण पडवीचं अनेकवचन 'छपऱ्या', माणसं मात्र 'चार छपरी'. शब्दाने व्याकरणासकट संसार वेगळा थाटलाय. मग वापरायला हरकत काय?

उलटतपासणी: हरकत अशी की छपरी ठरवताना गाडीचा स्पीड कोण बघतं? सोनेरी केस, घट्ट जीन्स, हप्त्यावरची ड्यूक बाइक, एवढं पुरतं. तोच पोरगा हेल्मेट घालून झेब्राच्या मागे थांबला तरी छपरीच. आणि एसयूव्हीने माणूस उडवणारा? तो 'बड्या बापाचं पोर'.

नोंदवही: छप्परबंद ही आपल्याकडच्या विमुक्त जातींपैकी एक, विमुक्त जाती (अ) प्रवर्गातल्या 14 मध्ये आहे. अख्ख्या जमातीवर जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारणारा गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा 1871 चा, आणि तो शिक्का कायद्याने पुसला गेला ऑगस्ट 1952 मध्ये. शिवी छप्परबंदांच्याच नावावरून आली असं छातीठोक सांगणाऱ्यांकडे पुरावा नसतो, छप्पर दोन्हीकडे आहे इतकंच. तरी त्या समाजातल्या पोराच्या कानाला व्युत्पत्ती कोण समजावणार?

वळचण: पुरावा नाही म्हणता आणि शिक्षाही सुनावता!

बॅफल: जात बाजूला ठेवली तरी अर्थ ढिलाच आहे. फटाका घ्या. कार्ब्युरेटरवाली बुलेट गिअरमध्ये पळत असताना हँडलवरचा किल स्विच (इंजिन तोडायचं बटण) बंद केला की स्पार्क थांबतो, इंजिन मात्र फिरत राहतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं, स्विच परत चालू केला की तापलेल्या नळीत पेटतं. आतली जाळी-पडदे काढलेले असले की आवाज अडायला काही उरत नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर तोही यात जळतो. हा झाला उपद्रव. ट्रिपल सीटची गोष्ट निराळी: वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं पडतं, वळणावर हँडल ऐकत नाही. मोटार वाहन कायद्यातही कलमं वेगळी. आवाजाला 190(2), पहिल्या वेळी 10,000 पर्यंत दंड. तिसऱ्या माणसाला 128. धोकादायक चालवण्याला 184. रंगवलेल्या केसांना कलम नाही.

वळचण: मान्य. पण 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात' ही एफआयआरची भाषा कट्ट्यावर कोण बोलणार? काहीतरी शब्द लागतोच.

उलटतपासणी: उडाणटप्पू, हुल्लडबाज, टपोरी. दुष्काळ कुठाय?

वळचण: उडाणटप्पू कामधंदा न करता उंडारतो, त्यात धोका नाही. हुल्लडबाजाला घोळका लागतो. टपोरी नाक्यावर उभा राहूनच टपोरी असतो, त्याला गाडी लागत नाही. एकट्याने रस्त्यावर दुसऱ्याचा जीव टांगणीला लावणारा यातल्या कशात बसतो?

बॅफल: 'बेफाम' आहे की. एसयूव्हीलाही लागू पडतो.

नोंदवही: शिवाय तो चालवण्याला चिकटतो, माणसाला नाही. 'बेफाम चालवतो' म्हणतात. सिग्नलला थांबलेल्याला कोणी बेफाम म्हणत नाही.

वळचण: म्हणून तर तो शिवी म्हणून चालत नाही. खिडकीतून ओरडून बघा: 'ए बेफाम!' मागे वळून तरी बघेल का कोणी?