परदेशात येळवस कशी साजरी करावी? सल्ला हवा आहे

औसेकर कन्या (श्टुटगार्ट) :
सर्वांना नमस्कार. माझे माहेर औसा तालुक्यातील असून सध्या आम्ही जर्मनीत श्टुटगार्ट येथे राहतो. गणपती आणि दिवाळी येथील मराठी मंडळी मिळून थाटाने करतात. परंतु येळवस म्हणजेच वेळ अमावस्या हा लातूर, धाराशिव आणि आसपासच्या पट्ट्यात शेतात जाऊन साजरा होणारा सण असल्याने पुण्या-मुंबईकडील अनेकांना त्याची ओळखच नसते. यंदा ती शुक्रवारी, १९ डिसेंबर २०२५ रोजी आहे. मुले आता कळत्या वयाची झाली आहेत आणि त्यांनी हा सण एकदाही पाहिलेला नाही, याची मला फार रुखरुख लागली आहे. येथे आमचे शेत नाही, कडबा मिळत नाही, थंडी कडाक्याची आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा स्थितीत घरीच नैवेद्य दाखवावा, की बाहेर जावे? आई हिरव्या तुरीच्या शेंगा आणि घरचे तूप पार्सलने पाठवू का, असे विचारते आहे. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

तेरणेची लेक (धाराशिव) :
ताई, मी काही वर्षे जर्मनीत राहिले असल्याने आधी पार्सलविषयी सांगते. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ खासगीरीत्या पाठवण्यास मनाई आहे, आणि ताज्या शेंगा-भाज्यांना रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते. त्यामुळे तूप आणि शेंगा दोन्ही वाटेतच अडकतील. आईंना काळा मसाला पाठवायला सांगावे. भज्जीसाठी, म्हणजे या सणाच्या बेसन लावलेल्या मिश्र भाजीसाठी, तुरीचे दाणे आणि हिरवा हरभरा भारतीय दुकानात गोठवलेले मिळतात. वाटाणा, गाजर, वांगी, कांद्याची पात आणि पालक तेथील बाजारात असतातच. मेथीही गोठवलेली चालते, परंतु ती सर्वांत शेवटी घालावी, नाहीतर भज्जी कडवट होते. दाणे आणि भाज्या शिजल्या की ताकात कालवलेले बेसन मंद आचेवर घालून सतत ढवळत राहावे आणि वरून लसणाची भरपूर फोडणी द्यावी. ताकासाठी तेथील साधे, गोड न केलेले बुटरमिल्ख उत्तम.

आंबिलीसाठी ज्वारीचे पीठ पाण्यात पातळ शिजवून ते कोमट झाल्यावरच ताक घालावे, कारण गरम पेजेत ताक फुटते. थंडीत गार आंबील मुले पिणार नाहीत, म्हणून ती थर्मासमध्ये कोमटच न्यावी. बाजरीच्या पिठाचे उंडे (गोळे) आदल्या दिवशी वाफवून ठेवले तरी चालतात.

कडब्याऐवजी पाळीव सशांसाठी विकला जाणारा पेंढा घ्यावा. त्याच्या पाच पेंड्या बांधून हातभर उंचीची कोप, म्हणजे पूजेची छोटी खोपी, सहज उभी राहते. पाच खडे धुऊन, चुना आणि काव (गेरू) लावून ते पाच पांडव म्हणून कोपीत मुलांकडूनच मांडून घ्यावेत.

मांजराकाठ (लातूर) :
ताई, आपण घरातल्या घरात सण करू नये, असे मला मनापासून वाटते. येळवस देवघरात मांडण्याचा सण नाही. पूजा मातीवर व्हावी लागते. जर्मनीत शरद ऋतूत पेरलेला गहू डिसेंबरात बोटभर हिरवा असतो. आपल्या रबीची आठवण व्हावी असे ते रान असते. शहराबाहेरील एखाद्या शेतकऱ्याला आधी विचारून त्याच्या बांधावर कोप मांडावी, पेरलेल्या रानात मात्र पाय ठेवू नये. तेथेच ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पानाने आंबिलीचे चार थेंब शिंपडावेत. गावागणिक हे बोल थोडे बदलतात, तेव्हा आपल्या आईंना विचारून त्यांचेच मुलांना शिकवावेत.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आमच्याकडे त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते, बाजारपेठ ओस पडते, आणि ज्याला शेत आहे तो शेत नसलेल्यांना अगत्याने आपल्या रानात जेवायला नेतो. शहरात बदलून आलेला नोकरदार, भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी, शेजारचे दुकानदार यांना आवतण मिळाले नाही, तर यजमानालाच चुकचुकल्यासारखे होते. तेव्हा आपणही केवळ मराठी मंडळींवर थांबू नका. ज्या शेतकऱ्याचा बांध घेतला त्याच्या घरच्यांना, मुलांच्या मित्रांना आणि नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना बोलवा. अमावस्या शुक्रवारी दिवसभर असल्याने रजा काढून दुपारी दोनच्या आत पूजा उरकावी. इतरांना सवड नसेल, तर पंगत शनिवारी ठेवण्यात काहीही गैर नाही.

औसेकर कन्या :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. शुक्रवारी बांधावर पूजा आणि शनिवारी पंगत, असे ठरवते. आता प्रश्न उरतो तो हेंडग्याचा, म्हणजे सायंकाळी शेतात फिरवायच्या पेटत्या पेंढीचा, आणि दूध उतू घालण्याचा. येथे आगीचे नियम कडक आहेत.

तेरणेची लेक :
ताई, आपल्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात जंगलात आणि त्यापासून १०० मीटरच्या आत ठरवून दिलेल्या जागेखेरीज आग पेटवता येत नाही. अशा शेकोटीच्या जागा श्टुटगार्टभोवतीच्या जंगलात आहेत, तेव्हा शनिवारची पंगत तेथेच ठेवावी. पेटता हेंडगा घेऊन फिरणे शक्य नाही; मुलांच्या हाती कंदील द्यावेत. दूध उतू घालणे मात्र सोडू नये. गार वाऱ्यात ते तापायला फार वेळ लागतो, म्हणून घरूनच कडकडीत गरम करून न्यावे आणि लहान पातेले काठोकाठ भरून निखाऱ्यांवर ठेवावे.